मालगुजारी तलाव : साठवण आणि सजीवता

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग यांचा नकाशा पाहिला असता गावागणिक एक-दोन तलाव आढळतात. हेच मालगुजारी तलाव होत. शासकीय दप्तरात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे म्हटले जाते व त्यावरून 'मामा तलाव' हे सुटसुटीत नाव रूढ झाले आहे. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. धानाच्या शेतीला पाणी, गुरांना पाणी, विहिरींना झिरप, ढिवर समाजाला मासळी आणि पाणपक्ष्यांना निवारा असे अनेक हेतू या तलावांनी पिढ्यानपिढ्या साध्य केले.

गेल्या काही दशकांत या तलावांच्या दुरुस्तीवर बराच निधी खर्च झाला आहे. मात्र या कामांचे मोजमाप बहुधा एकाच मापाने होते. किती घनमीटर गाळ निघाला आणि साठवण किती वाढली, एवढेच पाहिले जाते. पाण्याची प्रत सुधारली काय, तळाशी वनस्पती उरल्या काय, मासे वाढले काय, हे प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत. परिणामी एखादा तलाव कागदोपत्री दुरुस्त होतो आणि प्रत्यक्षात मासळीवाचून व गढूळ राहतो. तलाव हा केवळ साठा नसून ती एक सजीव पाणथळ जागा आहे, ही दृष्टी स्वीकारल्यास दुरुस्तीची पद्धत व तिच्या यशाची कसोटी या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतात.

तलावांची घडण

या तलावांना मालगुजारी असे नाव असले तरी त्यांपैकी पुष्कळसे तलाव मालगुजारी पद्धतीपेक्षा जुने आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची प्रथा होती. कोहळी समाजाने या कामात विशेष कौशल्य मिळवले. नवेगावबांध, शिवनी व सिरेगाव येथील मोठे तलाव कोहळ्यांच्या नावाशी निगडित आहेत. नवेगावबांधाच्या बांधणीचे श्रेय स्थानिक परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांतात इंग्रज सरकारने मालगुजारांना मालकी हक्क दिले, तेव्हा गावाबरोबर तलावही त्यांच्या ताब्यात आले व त्यांना आजचे नाव मिळाले.

या तलावांची रचना साधी परंतु विचारपूर्वक केलेली आहे. जमिनीचा उतार पाहून सखल भागावर मातीची पाळ घालावयाची, पाळीत पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवावयाचे आणि जादा पाण्यासाठी एका कडेला सांडवा काढावयाचा, अशी ही पद्धत होय. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावात किंवा लहानशा बोडीत येते. तेथून ते पुढच्या तलावात जाते. अशी साखळी असल्यामुळे पावसाचे पाणी टप्प्याटप्प्याने थांबत, गाळ टाकीत व जमिनीत मुरत नदीकडे जाते. या साखळीतील एका तलावाची पाळ फुटली किंवा सांडवा बुजला, तर त्याचा परिणाम खालच्या सर्व तलावांवर होतो.

तलावाचे पोटही एकसारखे नसते. पाळीजवळ पाणी खोल असते, मध्यभागी मध्यम असते आणि पाणलोटाच्या बाजूस ते क्रमशः उथळ होत जाऊन शेवटी ओलसर गवताळ पट्टा लागतो. खोल भागात उन्हाळ्यात मासे तग धरतात. मध्यम भागात पाण्याखालील वनस्पती वाढतात. उथळ भागात मासे अंडी घालतात, बगळे व करकोचे चरतात आणि देवधानासारखे रानटी धान उगवते. सारस पक्षी आता राज्यात प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि त्यालगतच्या भंडारा व चंद्रपूरच्या भागात उरला आहे. तो याच उथळ पट्ट्यावर व भोवतालच्या धानशेतीवर अवलंबून आहे.

व्यवस्था बदलली, जबाबदारी विखुरली

१९५० च्या कायद्यान्वये तत्कालीन मध्य प्रदेश राज्याने मालगुजारी पद्धत रद्द केली व १९५१ मध्ये तलाव शासनाच्या मालकीचे झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु मालगुजारांच्या काळी पावसाळ्यापूर्वी पाळीची डागडुजी करणे, तुडूम तपासणे, पाट साफ करणे ही कामे गावकऱ्यांच्या श्रमातून ठरलेल्या वेळी होत असत. मालकी बदलली त्या वेळी या नित्य कामांची जागा घेणारी व्यवस्था तितक्या वेगाने उभी राहिली नाही.

पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव त्यांच्याकडे आले. बहुसंख्य मालगुजारी तलाव या वर्गात मोडतात. आज एकाच तलावाच्या संदर्भात सिंचनाचा विचार एक विभाग करतो, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, गाळ काढण्याचे काम वेगळ्या योजनेतून होते आणि तलावाच्या पोटातील अतिक्रमणाचा प्रश्न महसूल यंत्रणेकडे जातो. शेतकऱ्याला धानासाठी शेवटचा थेंब हवा असतो, तर मासेमाराला उन्हाळ्यापर्यंत काही पाणी उरावे असे वाटते. या दोन गरजांचा मेळ घालणारे ठिकाण गावातच असले पाहिजे, आणि ते ठिकाण म्हणजे ग्रामसभा होय.

कायद्याच्या व्याख्येतील फरक

पाणथळ जागांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणमधील रामसर या शहरी झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. या करारातील व्याख्या व्यापक आहे. पाणथळ जागा नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, तिचे पाणी वाहते असो वा स्थिर, ती या व्याख्येत बसते. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये घोषित झालेले नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वर हे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळेच निर्माण झालेले आहे. त्याच वर्षी लोणार सरोवर व २०२२ मध्ये ठाणे खाडी यांना हा दर्जा मिळाला.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांत मात्र सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळण्यात आले आहेत. त्यामुळे मालगुजारी तलावांना या नियमांचे संरक्षण गृहीत धरता येत नाही. याचा अर्थ ते असुरक्षितच राहावेत असा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी व तळी यांवरील अतिक्रमणे दूर करण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यान्वये लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही जलसाठ्यांतील मासे व अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. गावपातळीवरील कृतीला कायद्याचा आधार आहे, हे यावरून स्पष्ट होते.

स्वच्छ तलाव आणि गढूळ तलाव

उथळ तलावांच्या अभ्यासातून शास्त्रज्ञांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती सुसूत्रपणे मांडली. उथळ तलाव दोन भिन्न स्थितींत स्थिरावू शकतो. पहिल्या स्थितीत पाणी नितळ असते व तळाशी पाणवनस्पतींची दाट वाढ असते. दुसऱ्या स्थितीत पाणी गढूळ किंवा शेवाळाने हिरवे होते व तळ उजाड असतो. प्रत्येक स्थिती स्वतःला टिकवून धरते. वनस्पती असल्या की त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात, पाने पाण्यातील पोषकद्रव्ये घेतात आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जीवांना आसरा मिळतो. त्यामुळे पाणी नितळ राहते व वनस्पतींना प्रकाश मिळतो. वनस्पती नष्ट झाल्या की वाऱ्याने गाळ ढवळला जातो, प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही आणि वनस्पती पुन्हा उगवू शकत नाहीत.

येथे एक बोध घेण्यासारखा आहे. गढूळ झालेला तलाव केवळ प्रदूषण थोडेसे कमी केल्याने पूर्वस्थितीला येत नाही. त्यासाठी पोषकद्रव्यांचा ओघ पुष्कळ कमी करावा लागतो आणि वनस्पतींना पुन्हा रुजण्यास साहाय्य करावे लागते.

तलाव गढूळ होण्याची कारणे गावोगावी सारखीच आहेत. शेतातून वाहून येणारे नत्र व स्फुरद, वस्तीचे सांडपाणी, पाणलोटातील झाडोरा गेल्यामुळे येणारी माती ही त्यांपैकी प्रमुख होत. यांत माशांच्या निवडीचीही भर पडते. सायप्रिनस हा मासा अन्नासाठी तळ उकरतो व पाणी गढूळ करतो. गवत्या मासा तर वनस्पतीच फस्त करतो. रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडल्यास उत्पन्न मिळते, परंतु हे मासे स्थिर पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते. उलट मरळ, शिंगी, मागूर यांसारखे स्थानिक मासे तलावातच वाढतात, मात्र त्यांना वनस्पतींचा व उथळ काठाचा आसरा लागतो.

काठावर बेशरम या झुडपाने केलेले आक्रमणही दुर्लक्षिण्यासारखे नाही. मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप कुंपणासाठी लावले गेले व फांदीच्या तुकड्यापासूनही ते रुजत असल्याने तलावांत पसरले. ते विषारी असल्याने गुरे ते खात नाहीत. त्याच्या दाटीमुळे देशी गवते व पाणवनस्पती यांना जागा उरत नाही.

गाळ काढण्याचे लाभ व मर्यादा

राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. जलाशयातील गाळ काढून तो शेतात टाकण्याची ही कल्पना शेतकऱ्याला जुन्या काळापासून परिचित आहे. गाळात सेंद्रिय द्रव्य व पोषकद्रव्ये असतात. तो शेतात गेल्याने जमिनीचा कस वाढतो व तलावातील पोषकद्रव्यांचा साठाही कमी होतो. हा दुहेरी लाभ होय.

तथापि यंत्राने सरसकट खोदाई केल्यास हानी संभवते. उथळ काठ कापून सर्वत्र सारखी खोली केल्यास माशांची अंडी घालण्याची व पक्ष्यांची चरण्याची जागा नाहीशी होते. तळातील बी, कंद व मुळे गाळाबरोबर निघून जातात. तळाचा घट्ट चिकणमातीचा थर फोडला गेल्यास पाणी टिकत नाही. म्हणून गाळ काढण्यापूर्वी तलावाचा साधा नकाशा करून त्यात तीन पट्टे आखावेत. पाळीपासून सुरक्षित अंतर ठेवून खोल पट्ट्यातील गाळ काढावा, मध्यम पट्ट्यातील वनस्पतींची बेटे राखावीत आणि उथळ पट्ट्याला यंत्र लावू नये. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवल्यास पहिल्याच पावसात तो परत तलावात येतो. तो उन्हाळ्यातच शेतात पोहोचला पाहिजे.

अर्जुनी मोरगावचा अनुभव

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था व ढिवर समाजातील स्त्री-पुरुष यांनी मिळून या प्रश्नावर केलेले काम उल्लेखनीय आहे. कोणत्या तलावात पूर्वी कोणत्या वनस्पती होत्या, कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने राहतो, याचे ज्ञान मासेमारांकडे होते. ते प्रथम नोंदवण्यात आले. त्यानंतर बेशरम मुळासकट उपटून काढणे, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावाच्या पोटात नांगरट करणे आणि पाऊस पडून पाणी साचल्यावर अन्य तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पतींची लागवड करणे, असा क्रम ठरला. लावलेल्या वनस्पतींत हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिस्नेरिया या पाण्याखालील वनस्पती व कुमुदिनीच्या जाती यांचा समावेश होता. वनस्पती रुजल्या तसे स्थानिक मासे वाढले व पक्षीही परतले.

हे काम यंत्रांपेक्षा माणसांच्या श्रमावर व माहितीवर उभे आहे. शास्त्रज्ञांनी उथळ तलावांबद्दल जे सिद्धान्तरूपाने मांडले, त्याचेच व्यावहारिक रूप ढिवर स्त्रियांच्या लागवडीत दिसून येते. मासळी वाढली की उत्पन्न वाढते, आणि उत्पन्न वाढले की तलाव राखण्यास गावात कोणीतरी बांधील राहतो. पुनरुज्जीवन टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

बदलते हवामान व तलावांचे कार्य

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अन्य संशोधकांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत जोराने पडतो व मध्ये लांब उघडीप राहते, हा अनुभव शेतकरीही सांगतात. अशा वेळी तलावांच्या साखळीला दोन कामे करावी लागतात. अतिवृष्टीचे पाणी थोपवून ते सावकाश सोडणे हे पहिले काम. भाद्रपद-आश्विनात धान निसवत असता पाऊस ओढ देतो, तेव्हा एक-दोन पाण्यांचे संरक्षक ओलित देणे हे दुसरे. सांडवा बुजलेला तलाव पहिले काम करू शकत नाही व गाळाने भरलेला तलाव दुसरे करू शकत नाही.

वाढत्या तापमानाचा पाण्याच्या प्रतीवरही परिणाम होतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे ७.६ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. त्याच वेळी उष्णतेमुळे सजीवांची प्राणवायूची गरज व सेंद्रिय द्रव्य कुजण्याचा वेग वाढतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच्या सुमारास मासे पाण्यावर येऊन तोंड उघडताना दिसतात.

येथे एका गोष्टीची स्पष्ट नोंद घ्यावयास हवी. पाणथळ जागा कार्बन साठवतात हे खरे असले तरी त्यांच्या प्राणवायूरहित गाळातून मिथेन वायूही बाहेर पडतो. पोषकद्रव्यांनी भरलेल्या उथळ व उष्ण पाण्यातून तो अधिक प्रमाणात निघतो. म्हणजे सांडपाणी तलावात सोडणे थांबवल्यास मासे, आरोग्य व हवामान या तिन्ही दृष्टींनी हित साधते.

पाण्याची परीक्षा गावातच

तलाव सुधारत आहे की बिघडत आहे हे ठरवण्यास नियमित नोंदी लागतात. पुढील निरीक्षणे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील.

पहिले निरीक्षण पारदर्शकतेचे. २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत. खाली वजन बांधून व दोरीवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती सावलीच्या बाजूने पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली व वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली यांची सरासरी म्हणजे पारदर्शकता होय. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली ही तबकडी आजही जगभर वापरली जाते.

दुसरे निरीक्षण तापमान, सामू व विरघळलेला प्राणवायू यांचे. प्राणवायूचे मापन सूर्योदयापूर्वी व दुपारी असे दोनदा करावे. एकट्या दुपारच्या नोंदीवरून फसगत होते, कारण शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारी प्राणवायू भरपूर व पहाटे अत्यल्प असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार मत्स्यजीवनास योग्य पाण्यात प्राणवायू प्रतिलिटर किमान ४ मिलिग्रॅम व सामू ६.५ ते ८.५ असावा. स्नानासाठीच्या पाण्यात प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम व जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. सामू, गढूळपणा व नायट्रेट यांसाठी ग्रामपंचायतींना पिण्याच्या पाण्याकरिता मिळालेले तपासणी संच उपयोगी पडतात. उर्वरित चाचण्यांसाठी जिल्हा प्रयोगशाळेचे साहाय्य घ्यावे.

तिसरे निरीक्षण सजीवांचे. दर हंगामात कोणत्या वनस्पती, कोणते मासे व कोणते पक्षी आढळले, याची यादी मासेमार व विद्यार्थी यांनी मिळून करावी. चौथे निरीक्षण पाण्याच्या पातळीचे. पाळीजवळ खुणांचा दगड किंवा खांब रोवून दर आठवड्याला पातळी लिहावी व त्याशेजारी पावसाचा आकडा नोंदवावा. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी गावाच्या बदलत्या हवामानाचा मौल्यवान पुरावा ठरतील.

ग्रामपंचायतीपुढील कार्यक्रम

तलावाच्या कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवणे श्रेयस्कर ठरेल. प्रथम तलावाची हद्द मोजून खुणा रोवाव्यात. त्यानंतर पाणलोटातील ओहोळ, सांडवा व पाट मोकळे करून साखळी पुन्हा जोडावी. वस्तीचे सांडपाणी शोषखड्डे किंवा परसबाग यांकडे वळवावे. मग पट्टे राखून गाळ काढावा, बेशरम उपटावे व देशी वनस्पती लावाव्यात. कोणते मत्स्यबीज सोडावयाचे व उन्हाळ्यासाठी किती पाणी राखावयाचे, हे शेतकरी व मासेमार यांच्या उपस्थितीत ग्रामसभेने ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. प्रत्येक तलावाची एक नोंदवही शाळेत व तिची प्रत ग्रामपंचायतीत असावी.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीनेही यात एक बदल अपेक्षित आहे. कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यात गाळाच्या घनमीटरांबरोबर कामापूर्वीची व कामानंतरची पारदर्शकता, पहाटेचा प्राणवायू आणि वनस्पती व माशांच्या जाती यांचे आकडे नमूद व्हावेत. ही मोजमापे अल्प खर्चाची आहेत. त्यांची सक्ती झाल्यास खोदाई कशी करावयाची, हा विचार कंत्राट निघण्यापूर्वीच होऊ लागेल.

पूर्वजांनी हे तलाव बांधले त्या वेळी पाणलोट, उतार व पाऊस यांचे त्यांचे ज्ञान प्रदीर्घ निरीक्षणातून आलेले होते. आज त्या निरीक्षणाला विज्ञानाची साधने उपलब्ध आहेत व पंचायतींना अधिकार आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या तलावाची पहिली नोंद केली, तर पुनरुज्जीवनाच्या कामास योग्य आरंभ झाला असे म्हणता येईल.